रात्रपाळीतलं रसायन

चंदनाचं खोड तोडून वर्षानुवर्षं कोठीत ठेवलं तरी तासलं की वास देतं. संत्र्याच्या सालीतल्या तेलाच्या पिशव्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वाळ्याच्या मुळांत, वेलदोड्याच्या दाण्यांत, तुळशीच्या पानावरच्या बारीक लवेत सुगंध साठवलेला असतो आणि आपण तो हवा तेव्हा काढून घेतो. मोगऱ्याचं तसं नाही. दुपारी एक टपोरी, घट्ट मिटलेली कळी चुरडून हुंगून बघा. हाताला हिरवट, पाल्यासारखा वास येईल. तिच्याच शेजारची कळी ओल्या फडक्यात ठेवली, तर दिवेलागणीनंतर ती उमलते आणि सगळ्या खोलीला कळतं. मग दुपारी तो सुगंध होता कुठे? कुठेच नव्हता. निदान सुगंध म्हणून नव्हता. फूल तो रात्री तयार करतं, थोडा थोडा, तयार होईल तसा हवेत सोडत. त्याच्या पाकळ्यांत अत्तराची कुपी नाही. आहे तो कारखाना, आणि तोही रात्रपाळीचा.

जाई-मोगऱ्याच्या सुगंधाबद्दल जे काही विचित्र, महाग, चिवट किंवा हळवं आहे, ते जवळजवळ सगळं या एका गोष्टीतून निघतं, असं माझं मत आहे, आणि पुढची प्रकरणं त्याच मताभोवती लिहिलेली आहेत. फूल कधी तोडायचं, बाजारात कधी पोचवायचं, त्याचा अर्क कसा काढायचा, बाटलीतला मोगरा आणि वेणीतला मोगरा वेगळे का वाटतात, हे सगळे प्रश्न शेवटी या कारखान्याच्या वेळापत्रकापाशी येऊन थांबतात.

आधी घरातली माणसं ओळखून घेऊ. वनस्पतिशास्त्रातल्या जस्मिनम या प्रजातीत दोनशेच्या आसपास जाती आहेत. मोगरा म्हणजे जस्मिनम सॅम्बॅक, जाई म्हणजे जस्मिनम ग्रँडिफ्लोरम (हिंदीतली चमेली ती हीच), जुई म्हणजे जस्मिनम ऑरिक्युलॅटम, कुंद म्हणजे जस्मिनम मल्टिफ्लोरम. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या वाटांवर पांढरी होऊन लगडलेली कुसर म्हणजे जस्मिनम मलबारिकम. बटमोगरा, मदनबाण हे मोगऱ्याचेच प्रकार. सायली आणि नेवाळी म्हणजे नेमकी कोणती फुलं, यावर दोन तालुक्यांतल्या दोन आज्यांचं एकमत होणार नाही, म्हणून त्या वादात मी शिरलेलो नाही. हे सगळं कुटुंब ऑलिव्हच्या कुळातलं आहे, आणि पारिजातक त्यांचा खरा भाऊबंद. उलट रातराणी वांग्या-बटाट्याच्या कुळातली, कामिनी लिंबाच्या, तर अनंत कॉफीच्या. रात्री फुलणारं, पांढरं आणि सुगंधी असणं हा पतंगांना बोलावण्याचा धंदा आहे, आणि तो करायला एकाच कुळात जन्म घ्यावा लागत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी खरा अभ्यास केला तो जाई आणि मोगऱ्याचा, कारण पैसा तिथे होता. जुईच्या आणि कुसरीच्या वाट्याला त्या मानानं फार थोडं लक्ष आलं, आणि या पुस्तकातही तो असमतोल उतरला आहे.

आता कारखान्यात काय बनतं ते पाहू. जाईच्या सुगंधात शेकडो रेणू सापडले आहेत, पण राज्य करतात ते मोजकेच. वजनानं सर्वांत जास्त असतं बेंझिल ॲसिटेट. हा साधासुधा एस्टर गोडसर, फळासारखा, किंचित नाशपातीच्या अंगानं जाणारा. त्याच्या जोडीला बेंझिल बेंझोएट आणि बेंझिल अल्कोहोल. मग लिनालूल, जे धन्यातही असतं आणि लॅव्हेंडरमध्येही. ताज्या कापलेल्या गवताच्या वासाशी नातं सांगणारे, सहा कार्बनांच्या साखळीचे काही एस्टर असतात, आणि लवंगेतलं युजेनॉल अगदी थोडं. मोगऱ्यात मिथिल अँथ्रानिलेट जाईपेक्षा अधिक ठळक असतं. द्राक्षाच्या चवीच्या गोळ्यांत हाच रेणू घालतात, आणि मोगरा जाईपेक्षा जड आणि रसाळ वाटतो त्यात याचा वाटा मोठा आहे. शिवाय दोघांतही इंडोल, सिस-जास्मोन आणि मिथिल जास्मोनेट असतात. प्रमाणानं हे तिघे किरकोळ आहेत, पण त्यांच्यावाचून जाई ही जाई होत नाही.

यातले रेणू एका मुशीतून निघत नाहीत. बेंझिल घराणं फिनाइलअॅलनिनपासून बनतं, म्हणजे आपल्या डाळीच्या प्रथिनांत असलेल्या अमिनो आम्लापासून. लिनालूल टर्पिनांच्या वाटेनं येतं. इंडोल ट्रिप्टोफॅनच्या वाटेवर मध्येच फुटतं. जास्मोन आणि जास्मोनेट मात्र येतात चरबीतून. जवसाच्या तेलात जे लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं, तेच इथे कापून, वळवून, पाच कार्बनांचं कडं करून सुगंधी केलं जातं. प्रत्येक वाटेवर वेगळी विकरं राबत असतात आणि त्यांचं काम सुरू व्हायची वेळही वेगवेगळी असते. म्हणून उमलत्या फुलाचा रात्री आठचा वास आणि त्याच फुलाचा पहाटे चारचा वास हुबेहूब सारखा नसतो. ज्यांच्या उशाशी गजरा असतो त्यांना हे रसायनशास्त्राशिवायही ठाऊक असतं.

इंडोलपाशी जरा थांबू. १८६६ साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन शास्त्रज्ञानं निळीपासून मिळवलेल्या पदार्थावर जस्ताची पूड वापरून ते पहिल्यांदा वेगळं केलं. पांढरे, चकचकीत स्फटिक असतात, ५२ अंशांच्या आसपास वितळतात, आणि उजेडात-हवेत राहिले की लालसर तपकिरी पडतात. शुद्ध इंडोलच्या बाटलीचं बूच काढलं की आधी डांबरगोळ्या आठवतात, मग काहीतरी कुजकट. आपल्या आतड्यांतले जिवाणूही ट्रिप्टोफॅनपासून हेच इंडोल बनवतात, आणि विष्ठेच्या वासात त्याचा सहभाग असतो. सभ्य पुस्तकांत हे वाक्य सहसा चोरट्या आवाजात लिहिलेलं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अतिशय विरळ केल्यावर तेच इंडोल फुलासारखं वाटू लागतं, आणि बेंझिल ॲसिटेटच्या गोडव्याखाली ते असलं की त्या गोडव्याला खोली येते. जाईच्या अर्कात त्याचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतं. ते काढून टाकलं तर उरतो तो साबणाचा स्वच्छ, निरुपद्रवी वास. देवघरातल्या आणि शेजघरातल्या अशा दोन्ही जागा मोगऱ्याला शोभतात, त्यामागे हे इंडोल असावं असा माझा कयास आहे. त्याला पुरावा म्हणून काही देता येणार नाही.

रसायनशास्त्र यायच्या कितीतरी आधी कारागिरांनी या कारखान्याची वेळ ओळखली होती. आपल्याकडे धुतलेले, सोललेले तीळ आणि ताजी फुलं यांचे थरावर थर रचून रात्रभर ठेवत. सकाळी फुलं काढून टाकायची आणि संध्याकाळी नवी घालायची. तीळ पुरेसे वासले की मग ते घाण्यातून काढायचे. जौनपूर-गाझीपूरकडचं चमेलीचं फुलेल याच रीतीनं नावाजलं. सुगंधशास्त्रावरच्या ‘गंधसार’ या संस्कृत ग्रंथात गंधद्रव्यांवर करायच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. यातलं वासन म्हणजे पदार्थ फुलांच्या सहवासात ठेवून त्याला वास देणं. इथे मराठी वाचकानं कान टवकारावेत अशी एक गोष्ट आहे. या ‘गंधसारा’च्या जोडीनं ‘गंधवाद’ नावाचा ग्रंथ सापडतो आणि त्यावर टीका आहे ती मराठीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात हे दुर्मीळ हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणलं आणि ‘गंधवादा’चा काळ साधारण १३५० ते १५५० असा धरला. सुगंध कसा बनवावा हे मराठीत लिहून ठेवणारा कोणीतरी त्या काळात होता, आणि आपण मात्र शाळेत सुगंधाचं रसायन शिकतो ते एस्टरच्या एका ओळीत.

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावानं तिळाऐवजी चरबी वापरली. लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर डुकराची आणि बैलाची शुद्ध केलेली चरबी थापायची, तिच्यावर जाईची फुलं एकेक करून उपडी मांडायची, दुसऱ्या दिवशी ती वेचून नवी मांडायची. हंगामभर हे चाले. चरबी सुगंधानं भरली की ती दारूनं धुऊन तेल सुटं करत. चीनमध्ये फूच्यौच्या कारागिरांनी हिरवा चहा घेतला. दुपारी तोडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या रात्री उमलायला लागल्या की त्या चहात मिसळायच्या, सकाळी चाळून काढायच्या, चहा सुकवायचा आणि पुन्हा नव्या कळ्या. उत्तम प्रतीच्या चहासाठी हे अनेकदा करतात. तीळ, चरबी आणि चहाची पानं या तिन्ही गोष्टी वास धरून ठेवणाऱ्या आहेत, आणि तिन्ही ठिकाणी फूल तोडल्यावर लगेच मारलेलं नाही. ग्रासमध्ये गुलाबाला ही वागणूक कधी मिळाली नाही. त्याला गरम चरबीत बुडवत किंवा त्याचं ऊर्ध्वपातन करत, कारण तोडल्यानंतर गुलाब नव्यानं फारसं काही देत नाही. थंड चरबीचा मान जाईला आणि निशिगंधाला होता. तोडल्यावरही कोणतं फूल काम करत राहतं, हे त्या लोकांनी हातानं आणि नाकानं शोधून काढलं होतं.

१९०० च्या सुमारास आल्बर्ट हेसे या जर्मन रसायनज्ञानं ही गोष्ट तराजूत घातली. जाईच्या फुलांचा द्रावकानं ताबडतोब काढलेला अर्क आणि तितक्याच फुलांपासून चरबीच्या रीतीनं मिळालेलं तेल यांची त्यानं तुलना केली. चरबीतून कितीतरी पटींनी अधिक तेल निघालं. जास्तीचं तेल फुलांनी काचेवर पडल्या पडल्या बनवलं होतं, याशिवाय दुसरा अर्थ लागत नव्हता. त्याला इंडोल सापडलं तेही चरबीच्या तेलात. पुढे जैवरसायनशास्त्रानं यातलं एक कोडं सोडवलं. कळीत सुगंधी रेणूंचा काही भाग साखरेला बांधून ठेवलेला असतो. बेंझिल अल्कोहोल, लिनालूल यांच्या पाठीवर ग्लुकोज बसलेलं असेपर्यंत ते पाण्यात विरघळतात, उडून जात नाहीत आणि वासही देत नाहीत. कळी उमलायला लागली की ग्लुकोसिडेज नावाची विकरं ती साखर सोडवतात. बाकीचा माल त्याच रात्री नव्यानं घडवला जातो. उष्णता वाढली की विकरांची कामं जलद होतात, थंडीत मंदावतात, आणि फूल उकळत्या पाण्यात टाकलं की संपतात. कनौजच्या अत्तरकारांच्या देगेत (ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात) मोगरा घालतात तेव्हा वाफेबरोबर भपक्यातल्या (वाफ गोळा होते त्या भांड्यातल्या) चंदनतेलात येतं ते एक सुंदर अत्तर असतं, पण त्या क्षणापर्यंत फुलात जेवढं तयार झालं होतं तेवढ्याचंच, आणि तेही उष्णतेनं थोडं बदललेलं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रज मुखर्जी या भारतीय वंशाच्या रसायनज्ञानं अमेरिकेतल्या इंटरनॅशनल फ्लेवर्स अँड फ्रॅग्रन्सेस या कंपनीत जिवंत फुलाभोवतीची हवाच गोळा करायला सुरुवात केली. फूल वेलीवरच ठेवायचं, त्याच्याभोवती काचेचं भांडं बसवायचं, आतली हवा एका शोषक नळीतून ओढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफीनं तिचे घटक वेगळे करायचे. मग तेच फूल तोडून पुन्हा तसंच करायचं. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत. तोडलेल्या जाईत इंडोलचा वाटा घसरला होता आणि लिनालूलचा खूप वाढला होता. म्हणजे वेलीवरची जाई, गजऱ्यातली जाई आणि बाटलीतली जाई हे तीन वेगळे सुगंध आहेत, आणि त्यातला पहिला आपल्यापैकी बहुतेकांनी क्वचितच लक्ष देऊन घेतला आहे.

आता जास्मोनच्या नात्यांकडे वळू, कारण इथून विषय अत्तराच्या दुकानाबाहेर पडतो. जास्मोन हेसेनंच १८९९ मध्ये शोधलं. त्याची रचना उलगडायला १९३३ साल उजाडलं. लिओपोल्ड रुझिच्का यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. त्यांना १९३९ मध्ये नोबेल मिळालं, पण ते टर्पिनांवरच्या आणि मोठ्या कड्यांच्या संयुगांवरच्या कामासाठी. १९६२ मध्ये एदुआर देमोल आणि सहकाऱ्यांनी जाईच्या तेलातून मिथिल जास्मोनेट वेगळं केलं. त्याचाच एक जवळचा, प्रयोगशाळेत बनवलेला रेणू हेडिओन या नावानं बाजारात आला आणि एडमाँ रुदनित्स्का यांनी १९६६ मध्ये ‘ओ सोव्हाज’ या पुरुषांच्या अत्तरात तो वापरला. तेव्हापासून आजपर्यंत क्वचितच एखादं महाग अत्तर हेडिओनवाचून बनलं असेल. जाईच्या वासात जो मोकळा वारा असतो, तेवढाच त्यात आहे, खालचं जड काही नाही.

मिथिल जास्मोनेटची मौज अशी की त्याची अवकाशातली रूपं चार आहेत आणि नाकाला ती सारखी नाहीत. कड्यावरच्या दोन शेपट्या एकाच बाजूला असलेलं एक रूप जोरदार वास देतं, तर शेपट्या विरुद्ध बाजूंना गेल्या की तोच रेणू जवळजवळ मुका होतो. वनस्पती बनवते ती पहिल्या प्रकारची, पण आच लागली की ती दुसऱ्या प्रकारात वळते. जाईला वाफ का मानवत नाही, याचं हेही एक कारण.

आणि मग १९९० साल. अमेरिकेत एडवर्ड फार्मर आणि क्लॅरेन्स रायन यांनी टोमॅटोची रोपं मिथिल जास्मोनेटच्या नुसत्या वाफेत ठेवली. कोणतीही अळी नाही, जखम नाही. तरी टोमॅटोच्या पानांत कीटकांचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार झाली. हे जास्मोनेट नैसर्गिकरीत्या सोडणारी एक रानटी झुडपाची फांदी बंद भांड्यात टोमॅटोशेजारी ठेवली, तरी तेच घडलं. जास्मोनेट हे जाईपुरतं नाहीच, ते बहुतेक सगळ्या वनस्पतींचं संप्रेरक आहे. पान कुरतडलं गेलं की लिनोलेनिक आम्लापासून ते तयार होतं आणि बाकीच्या झाडाला सावध करतं. परागकण पिकवण्यापासून वेलीचे ताणे वळवण्यापर्यंत त्याची कामं आहेत. ज्या निरोपाचा भात, कापूस, टोमॅटो आपसांत कुजबुजून वापर करतात, तो जाईनं मोकळ्या हवेत एवढा सोडला की माणसाला त्याचा वास आला, आणि अत्तरवाल्यांच्या गरजेपोटी शोधलेल्या रेणूवर आज शेतीशास्त्राची एक अख्खी शाखा उभी आहे. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण याच विषयाला दिलं आहे. ज्यांना फक्त फुलांत रस आहे त्यांना ते लांबल्यासारखं वाटेल, त्याला इलाज नाही.

व्यापाराबद्दल थोडक्यात. चरबीची रीत आता जवळपास संपली आहे. तामिळनाडूत आणि इजिप्तमध्ये, जिथून जगाला जाईचा बराचसा अर्क जातो, फुलं हेक्झेन या द्रावकात भिजवतात. त्यातून मेणचट काँक्रीट निघतं आणि ते अल्कोहोलनं धुतलं की ॲब्सोल्यूट. हजार किलो जाईतून अडीच-तीन किलो काँक्रीट आणि त्याच्या निम्मं ॲब्सोल्यूट, हा ढोबळ हिशेब. एक किलो ॲब्सोल्यूटला पन्नास लाखांहून जास्त फुलं लागतात, आणि ती सूर्य वर यायच्या आत हातांनीच वेचावी लागतात. त्यामुळे तुमच्या-माझ्या मोगरा अगरबत्तीत मोगरा नसतो. तिच्यात कारखान्यातलं बेंझिल ॲसिटेट आणि अमाइल सिनॅमिक अल्डिहाइडसारखे स्वस्त रेणू असतात. याला फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रयोगशाळेतलं बेंझिल ॲसिटेट आणि फुलातलं बेंझिल ॲसिटेट यांच्यात काडीचा फरक नाही. फरक आहे तो सोबतीला नसलेल्या शेकडो घटकांचा. रुपयाला मिळणाऱ्या काडीनं ती सोबत द्यावी, ही अपेक्षाच चुकीची. कृत्रिम तेल ‘नैसर्गिक’ म्हणून दहापट भावानं विकतात ती मात्र निव्वळ लबाडी आहे.

महाराष्ट्रात मोगरा अर्कासाठी नाही, कळीसाठी लावतात. पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी गेल्या काही वर्षांत मोगऱ्याची लागवड वाढवली, आणि त्यांची कळी दादरच्या फुलबाजारात येते. उमललेल्या मोगऱ्याला तिथे कवडीची किंमत नाही. कळी मिटलेली असताना तोडायची, ओलसर आणि थंड ठेवून तिचं उमलणं लांबवायचं, दुपारपर्यंत गजरे ओवून व्हायला हवेत, म्हणजे संध्याकाळी ते केसांत उमलतील. साऱ्या व्यवहाराचं वेळापत्रक ग्लुकोसिडेजनं ठरवलेलं आहे म्हटलं तर दादरच्या गाळ्यावर कोणी हसेल, पण वेळ कोणी चुकवत नाही.

पुस्तक कसं वाचावं, एवढंच आता सांगायचं राहिलं. रेणूंच्या आकृत्या पहिल्या वाचनात गाळल्या तरी चालतील. फक्त बेंझिल ॲसिटेट, इंडोल आणि मिथिल जास्मोनेट या तिघांच्या आकृत्या बघून ठेवा, त्या पुन्हा पुन्हा लागतील. शेवटी दिलेल्या प्रयोगांपैकी पहिला घरी करण्याजोगा आहे. एप्रिल-मेमध्ये मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या आणून तीन वाटे करा. एक उघड्या बशीत ओल्या फडक्यावर, एक फ्रिजमध्ये, आणि एक मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून मग बशीत. संध्याकाळी सातपासून दर दोन तासांनी तिन्हींचा वास घ्या आणि जे वाटेल ते ताबडतोब लिहून ठेवा, कारण सतत हुंगल्यावर नाक थकतं आणि रात्रीचा वास सकाळी नीट आठवत नाही. मध्ये थोडा वेळ बाहेर जाऊन या. फ्रिजमधला वाटा रात्री दहाला बाहेर काढा आणि तो कितीनं मागे आहे ते बघा.